हाडवैद्य तरसाने साइट काढली

एका जंगलात, मुलांनो, चांगलं नेटवर्क येतं अशा जंगलात, भानोजी नावाचा तरस राहत असे. तो हाडवैद्य होता.

हसू नका. तरस हाडं खातो हे मलाही माहीत आहे. पण म्हणूनच तर त्याला हाडांची आतबाहेरची सगळी माहिती होती. मोडलेला पाय तो पंजाने हलकेच चाचपायचा, बांबूच्या कामट्या बांधायचा, आणि एकवीस दिवसांत जनावर उड्या मारत घरी जायचं. ओढ्याच्या अलीकडे त्याचं मोठं नाव होतं.

पलीकडे मात्र त्याला कुणी ओळखत नसे. एकदा पलीकडची सरूबाई भेकर मोडक्या पायाने लंगडत आली. "वैद्यबुवा आहेत का?" तिने विचारलं. भानोजी गुहेतून बाहेर आला आणि आपुलकीने हसला. सरूबाई तीन पायांवर जी पळाली, ती चार पायांच्या वाघालाही सापडली नसती.

भानोजीच्या मनाला ते फार लागलं. "माझं चुकलं काय? मी नुसता हसलो," तो बायकोला म्हणाला.

"तेच चुकलं," येसू म्हणाली. "बाहेर पाटी लावा. 'इथे हाडं बसवली जातात, खाल्ली जात नाहीत.'"

"आता पाटी कोण वाचतं? स्वतःची वेबसाइट पाहिजे. बऱ्या झालेल्यांची नावं, माझा फोटो, तोंड मिटलेला."

"मग काढा."

"काढतोच. एका दुपारचं काम आहे."

मोठी मंडळी असं म्हणाली, मुलांनो, की समजावं, महिना गेला.

साइट कशात बनवायची हे विचारायला भानोजी आधी केशू वानराकडे गेला. "त्यात काय शिकायचंय?" केशू म्हणाला. "माझं सॉफ्टवेअर घ्या. चित्र उचलायचं, हवं तिथे टाकायचं." केशूच्या साइटवर नाव तळाशी होतं, फोटो आडवा होता आणि संपर्काचं बटण झाडाच्या शेंड्यावर होतं. वानराच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं.

मग तो दामोदर हत्तीकडे गेला. "खेळण्यांत वेळ घालवू नका," दामोदर म्हणाला. "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आहे. दुकान, वर्तमानपत्र, अकरा भाषा, हवामानाचा अंदाज."

"मला एकच पान हवंय हो."

"एक पानही होतं की! फक्त आधी चाळीस प्लगिन, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, टाकावे लागतात."

दामोदरची साइट उघडेपर्यंत भानोजीची एक झोप झाली.

शेवटी तो सुगरणीकडे गेला. "सॉफ्टवेअर कसलं घेता?" ती नाक मुरडून म्हणाली. "मी कोडची एकेक ओळ स्वतःच्या चोचीने लिहिते." तिची साइट खरोखर देखणी होती. फक्त ती बघायला फांदीला उलटं लटकावं लागे.

भानोजीने घरी येऊन साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे एडिटरांचा, तुलनेचा तक्ता केला. दुपारी त्यात तीन नावं होती. संध्याकाळी सतरा झाली. आठवड्याने एकसष्ट.

तोवर दाराशी पेशंट साचले. कोल्ह्याचा पाय मोडला होता, सशाची तंगडी. "बसा हो," भानोजी सगळ्यांना म्हणे. "आधी एडिटर ठरू दे. तुमच्यासाठीच चाललंय."

आणि एके सकाळी सरूबाई परत आली! एका नीलगायीने तिला धीर दिला होता. "वैद्यबुवा, त्या दिवशी मी उगाच घाबरले," ती म्हणाली. "फार ठणकतंय. एवढा पाय बसवून द्या."

येसू धावत कामट्या घेऊन आली. भानोजीने मात्र सरूबाईपुढे साइटसाठीची दोन निळी बटणं धरली. "आधी सांगा, यातलं कुठलं पाहून तुम्हाला जास्त विश्वास वाटतो?"

"मला दोन्ही सारखीच दिसतात हो."

"नीट बघा. घाई नाही."

सरूबाई भिडस्त. तिने नीट बघितलं. बरेच दिवस बघितलं. तेवढ्या दिवसांत पाय आपला आपणच जुळला, पण वाकडा. "डावीकडचं बरं वाटतं," असं सांगून ती उठली आणि घरी निघाली.

वाकड्या पायाने सरळ चालता येईना. ती डावीकडे वळत गेली, वळत गेली आणि पुन्हा भानोजीच्या दाराशी आली. परत निघाली, परत आली. तिच्यामागे कोल्हा, त्याच्यामागे ससा, सगळे आपापल्या वाकड्या पायांनी गोल फिरू लागले.

"येसूवहिनी, ओढा कुठल्या बाजूला हो?" दर फेरीला सरूबाई विचारायची. येसू पंजा दाखवायची. सरूबाई मान हलवून डावीकडे जायची.

त्याच दिवशी साइट सुरू झाली. तिच्यावर एडिटरने आधीच घातलेलं 'येथे आपले नाव लिहा' एवढंच होतं. पण बटण फार सुरेख निळं होतं.

भानोजी दारात उभा राहून मोजू लागला. त्याचे डोळे भरून आले. "येसू, बघ! साइट काढली आणि एकूण एक पेशंट परत येतोय. दिवसातून नऊ-नऊ वेळा!"

"अहो, ते येत नाहीयेत," येसू म्हणाली. "त्यांना दुसरीकडे जाताच येत नाहीये."

"त्यालाच विश्वास म्हणतात," भानोजी म्हणाला आणि बासष्टावा एडिटर बघायला बसला.

तात्पर्य: मोडलेलं हाड आपलं आपण जुळतं, जरा वाकडं जुळतं इतकंच. साइटचं पान मात्र आपलं आपण जुळत नाही. म्हणून शहाण्या वैद्याने आधी पान सरळ करून घ्यावं. पेशंट कुठे जातोय!