जांबुवंतीकाकूंची हरकत

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. गोष्ट मोठ्यांची आहे, म्हणून ती लहानपणीच ऐकून घेतलेली बरी.

एका जंगलात इतका बर्फ पडायचा, की तिथले पांढरे ससे एकमेकांवर आदळल्याशिवाय त्यांची भेटच व्हायची नाही. त्या जंगलात, पार वर, घसरणवाडी नावाचं गाव होतं. गावाला एक लांबलचक उतार होता. हिवाळा आला की खालच्या जंगलातले प्राणी वर यायचे, पायांना फळ्या बांधायचे आणि त्या उतारावरून घसरायचे. पडायचे, हाडं मोडून घ्यायचे आणि घरी जाऊन सांगायचे, की काय मजा आली म्हणून सांगू!

हसू नका. मोठेपणी तुम्हीही जाणार आहात.

उताराच्या मधोमध, एका थोरल्या खडकाखाली जांबुवंतीकाकूंची गुहा होती. काकू म्हणजे अस्वल. अंगाने भरभक्कम, बोलायला कमी आणि मधाचा विषय निघाला की जरा हळव्या. गावातल्या सगळ्यात जुन्या रहिवासी त्याच. पण गाव ज्या घसरण्यासाठी प्रसिद्ध होतं, ते घसरणं काकूंनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. बर्फ पडायला लागला की काकू झोपायच्या, त्या थेट वसंतात उठायच्या. उठल्यावर दाराशी तुटक्या फळ्या सापडायच्या. त्या पुष्कळ असल्या, की काकू समजायच्या, यंदा हंगाम बरा गेला.

आता तुम्ही म्हणाल, काकू आळशी होत्या. तसं नाही. अस्वलांची पिल्लं हिवाळ्यातच जन्मतात, आई गुहेत झोपलेली असताना. काकू त्याच गुहेत जन्मल्या होत्या. त्यांची आईसुद्धा. आणि त्या वर्षी काकूंना दिवस गेले होते.

तर झालं काय, पानगळ सुरू असताना एके सकाळी काकू पोळं घेऊन घरी आल्या, तर गुहेच्या तोंडावर ही भलीमोठी पाटी! पाटीवर सात मजली महालाचं चित्र. चित्रात ऊन होतं, झाडं होती, दात दाखवणारे पाहुणे होते. गुहा तेवढी नव्हती. खाली लिहिलं होतं, 'नियोजित हॉटेल शुभ्रविलास. रहिवाशांनी आपली मते जनसुनावणीत मांडावीत.'

काकू पोळं तिथेच टाकून तडक याकसाहेबांकडे गेल्या.

याकसाहेब गावचे कारभारी. त्यांना काहीही विचारलं, की ते आधी प्रश्न चघळायचे, मग गिळायचे, मग परत वर आणून चघळायचे. उत्तर येईपर्यंत विचारणारा आपण काय विचारलं ते विसरून जायचा. त्यामुळे साहेब फार अभ्यासू आहेत, असा त्यांचा लौकिक होता.

"साहेब, सुनावणी कधी आहे?" काकूंनी विचारलं.

"बर्फ पडला की."

"तेव्हा मी झोपलेली असते."

साहेबांनी हे बराच वेळ चघळलं. "काकू, सगळ्यांच्या सोयीचा दिवस धरलाय."

"सगळ्यांत मी नाही का?"

"नाही ना. तुम्ही बाधितांत येता."

हॉटेल बांधणार होते मगरेशेठ. मगरेशेठ खालच्या, उष्ण नदीतले. बर्फ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता आणि थंडी त्यांना मुळीच सोसत नव्हती. म्हणूनच थंड हवेच्या ठिकाणाचा विकास त्यांच्याकडे आला. ते एका अवाढव्य घंगाळात, गरम पाण्यात बसून गावात आले. घंगाळ खेचरांच्या खांद्यावर होतं. शेठनी पाण्याबाहेर फक्त डोळे आणि हसू ठेवलं होतं.

काकूंनी ठरवलं, यंदा झोपायचं नाही. सुनावणीत आपली हरकत सांगायची आणि मगच झोपायचं.

"मी आहे ना, काकू!" शशिकला म्हणाली. शशिकला म्हणजे शेजारची ससीण. उताराच्या पायथ्याशी ती घसरायच्या फळ्या भाड्याने द्यायची. "तुम्हाला डुलकी लागू दिली तर नाव बदलेन. अहो, उतारावरच हॉटेल बांधलं तर लोक घसरणार कुठून? तुमची गुहा जाईल आणि माझं दुकानही. आपण दोघी मिळून लढू."

काकूंना एकदम हलकं वाटलं.

बर्फ पडला. काकूंच्या पापण्यांवर दगड ठेवल्यासारखं झालं. शशिकला त्यांच्या कानांना बर्फ चोळायची, पाइनची फळं चावायला द्यायची. अगदीच डोळे मिटायला लागले, की आपल्या जावेच्या कागाळ्या सांगायची. त्या ऐकून काकूंना झोप तर येत नसेच, शिवाय संतापाने ऊबही यायची.

सुनावणीच्या दिवशी मगरेशेठच्या घंगाळातलं पाणी कोमट झालं. सुनावणी पुढे ढकलली. लोकशाहीला कोमट पाणी चालत नाही, मुलांनो. नंतरच्या वेळी याकसाहेबांचा रवंथ संपला नाही. पुन्हा पुढे ढकलली. शशिकला म्हणायची, "मुद्दाम करताहेत, काकू!" काकू म्हणायच्या, "असू दे. मी जागी आहे."

पण जागं राहणं अस्वलाला परवडत नाही. काकूंच्या अंगावरची चरबी उतरू लागली. पोटात पिल्लं हलायची आणि काकूंना अपराधी वाटायचं. ही चरबी पिल्लांच्या वाटची होती.

एका दुपारी काकू गुहेच्या तोंडाशी बसल्या होत्या. समोरचा उतार उन्हात लखलखत होता. त्यावरून एक तरुण कोल्हा सुसाट घसरत आला, अर्ध्या वाटेत उलटापालटा झाला आणि बर्फातून फक्त शेपटी बाहेर ठेवून खो खो हसत सुटला. मागून त्याची बायको आली आणि त्याच्यावरच आपटली. तीही हसायला लागली. काकू बघत राहिल्या. इतकी वर्षं हे आपल्या दारात होत होतं! काकूंना तो उतार त्या दिवशी पहिल्यांदाच इतका आपला वाटला.

शेवटी सुनावणी झाली. देवदारांच्या मोकळ्या आवारात, भर दुपारी. मधोमध वाफाळणारं घंगाळ, शेजारी उंच दगडावर याकसाहेब. काकू शशिकलाला टेकून बसल्या होत्या.

पहिल्यांदा रानबकऱ्यांचा पुढारी उठला. "आम्हाला विकास पाहिजे!" तो गरजला. "आमच्या पोरांनी काय जन्मभर कडेच चढायचे?"

"मुळीच नाही," घंगाळातून मगरेशेठ म्हणाले. "हॉटेलला जिना आहे. पोरांना जिना चढायची कायमची नोकरी."

रानबकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग श्री. आणि सौ. राजहंस उठले. ते उन्हाळ्यापुरते तळ्यावर राहायला येत आणि थंडी पडली की दक्षिणेला निघून जात. सुनावणीसाठी ते खास उडून आले होते. त्यांचं तळ्याकाठचं घर आदल्याच वर्षी बांधून झालं होतं.

"बाहेरच्यांनी येऊन इथे बांधकामं करावीत, हे आम्हाला पटत नाही," श्री. राजहंस म्हणाले. "आम्ही आलो तेव्हा इथे कुणीसुद्धा नव्हतं."

"मी होते की," काकू म्हणाल्या.

"असाल. गुहेत असाल," सौ. राजहंस गोड हसून म्हणाल्या. "आमचा मुद्दा निसर्गाचा आहे. आमच्या खिडकीतून शिखर दिसतं. या हॉटेलामुळे ते झाकलं जाणार."

मगरेशेठ जरासे विचारात पडले. "तुमच्या बाजूच्या भिंतीवर शिखराचं चित्र काढून देतो," ते म्हणाले. "खऱ्या शिखरावर ढग येतात. याच्यावर येणार नाहीत."

राजहंस दांपत्याने एकमेकांकडे पाहिलं. त्यांचा निसर्गाचा मुद्दा मिटला.

मग शशिकला ताडकन उठली. कान ताठ. "मी विचारते, उतारावर हॉटेल झालं तर पाहुण्यांनी घसरायचं कुठून?"

"घसरायला कोण येतं, ताई?" मगरेशेठ म्हणाले. "लोक घसरून आलो असं सांगायला येतात. तुमचं दुकान आपण हॉटेलातच घेऊ की. अगदी दर्शनी भागात."

"पण उतारच नाही तर फळ्या कोण घेणार?"

"आठवण म्हणून घेतील. भिंतीवर लावायला. भाड्याने दिलेली फळी परत येते, मोडून येते. विकलेली येत नाही."

शशिकलाचा एक कान खाली आला. थोड्या वेळाने दुसराही आला.

"माझं मत अजून तयार होतंय," ती पुटपुटली. आणि काकूंच्या शेजारी परत न येता ती घंगाळाच्या बाजूला जाऊन बसली. तिथे ऊबही होती म्हणा.

काकूंच्या कानांना बर्फ चोळायला आता कोणी नव्हतं. त्या स्वतःच उठल्या. दगडासमोर उभं राहून त्या अगदी स्वच्छ बोलल्या.

"त्या गुहेत माझा जन्म झाला. आता माझी पिल्लं तिथे जन्मायची आहेत. हॉटेल बांधा, माझी ना नाही. पण दुसरीकडे बांधा. डोंगर एवढा मोठा आहे."

सगळ्यांचे डोळे पाणावले. रानबकऱ्यांच्या पुढाऱ्यालासुद्धा आपली आई आठवली. मगरेशेठच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पाहून बाकीच्यांच्या डोळ्यांतलं आटलं. एवढा मोठा माणूस रडतोय म्हटल्यावर दुःखाची सोय झालीच होती.

याकसाहेबांनी काकूंचं बोलणं चघळलं. गिळलं. परत वर आणलं.

"काकू, हे मत आहे की हरकत?"

"म्हणजे?"

"मत असेल तर इथे. हरकत असेल तर त्या देवदाराखाली उभं राहायचं. मतं संपली की हरकती घेऊ."

काकू देवदाराखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे दुसरं कोणीच नव्हतं. वरून भुरुभुरु बर्फ पडत होता. रानबकऱ्यांच्या पुढाऱ्याला आणखी एक मत सुचलं. राजहंसांनी चित्राच्या रंगांबद्दल सूचना केल्या. काकूंनी झाडाला पाठ टेकली. पिल्लं पोटात हलली. काकूंनी मनात म्हटलं, थांबा रे, एवढंच.

याकसाहेब त्यांच्यापाशी आले, तेव्हा काकूंचे डोळे अर्धे मिटले होते.

"काकू, हॉटेलचा प्रकल्प समजला ना?"

काकूंची मान एकदम खाली गेली. मग सावरून वर आली.

"होकार," याकसाहेब मोठ्याने म्हणाले. "गुहेच्या जागेवर बांधायला चालेल?"

मान पुन्हा खाली गेली.

"होकार. आणि काही म्हणायचंय?"

काकूंनी तोंड उघडलं. पण त्यातून निघालं ते घोरणं.

"भावना अनावर झाल्यात," मगरेशेठ म्हणाले आणि पाण्यातूनच त्यांनी हात जोडले. प्रचंड टाळ्या झाल्या. फक्त शशिकलाने वाजवल्या नाहीत. ती दुकान दारापासून कुठल्या हाताला हवं, याचा विचार करत होती.

काकूंना खेचरांनी ओढत गुहेत नेऊन ठेवलं. शशिकलाने मुद्दाम जाऊन त्यांच्या अंगावर कोरडा पाला पसरला. मैत्री वेगळी, धंदा वेगळा.

वसंतात काकूंना जाग आली. कुशीत दोन पिल्लं होती. जरा रोड होती, पण होती. काकूंनी त्यांना चाटून चाटून पुसलं. मग वर पाहिलं, तर गुहेच्या तोंडाला काच! काचेपलीकडे पाहुण्यांची झुंबड. एक तरस आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन सांगत होतं, "ते बघ, अस्सल रहिवासी!"

काकू चिडून गुरगुरल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा करायला सांगितलं.

बाहेर पडायची वाट शशिकलाच्या दुकानातून होती. काकू पिल्लांना घेऊन तिथून निघाल्या, तेव्हा शशिकला फळ्यांवरची धूळ झटकू लागली. फळ्यांवर धूळ नव्हती.

"काकू, तुम्ही झोपला नसतात, तर मी बोलणार होते," ती खाली बघून म्हणाली.

काकू पिल्लांना घेऊन चढत चढत थेट उत्तरेच्या कड्यावर गेल्या. तिथे वारा बोचरा होता, मध नव्हता, पण एक कपार होती. तिथे त्यांनी बिऱ्हाड मांडलं.

पुढच्या पानगळीत याकसाहेब धापा टाकत तिथे आले. हॉटेल छान चाललं होतं. फक्त उतार उरला नसल्याने पाहुणे घसरायला नवी जागा मागत होते. ती जागा म्हणजे उत्तरेचा कडा.

"तुमचं मत हवंय, काकू," साहेब म्हणाले. "यंदा आम्ही चूक सुधारली. सुनावणी बर्फाच्या आधी."

काकू गेल्या. टक्क जाग्या होत्या. दोन्ही बाजूंना पिल्लांना उभं करून त्यांनी सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही! माझा नकार आहे. ऐकलं? नकार!"

याकसाहेबांनी ते चघळलं.

"मागच्या वेळी तुम्ही होकार दिला होता," ते म्हणाले. "आता नकार देताय. भूमिकेत सातत्य नाही, काकू. असं मत आम्हाला धरता येत नाही."

काकूंनी साहेबांच्या मानेकडे बराच वेळ पाहिलं. पण पिल्लं बघत होती आणि काकूंवर संस्कार चांगले होते. त्या वळल्या, पिल्लांना घेऊन कपारीत गेल्या आणि बर्फाची वाट न बघताच झोपून गेल्या.

तात्पर्य: आपलं मत मांडायला माणसाने नेहमी जागं राहावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकून घ्या, परीक्षेत येतं. पण जो झोपतो त्याचं घर जातं आणि जो जागा राहतो त्याचंही घर जातं, शिवाय झोप जाते ती वेगळीच. तेव्हा मुलांनो, दिवा मालवा आणि निजा पाहू.