पाच इंच कुठे गेले?

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मॉनिटर गेला. आवाज नाही, धूर नाही. सत्त्याण्णवाव्या पानावर खुनी जिना चढत होता, तो अर्ध्या जिन्यातच अंधारात गडप झाला.

घरी बसून पुस्तकांची पानं लावून देणाऱ्या सूनबाईने आधी वायर हलवली, मग मॉनिटरच्या पाठीत एक थाप मारली, मग तशीच एक स्वतःच्या कपाळावर मारली आणि घाबरून कॉम्प्युटरचाही प्लग ओढला. शुक्रवारी पाचच्या आत पुस्तक द्यायचं होतं. दोनशे आठ पानांची, खिशात मावेल एवढी रहस्यकथा. हे पुस्तक नीट गेलं, तर त्याच लेखकाच्या पुढच्या बारा पुस्तकांचं काम घरी येणार होतं. नाही गेलं, तर झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभं राहून लेटरहेड आणि रबरी शिक्के जुळवणं नशिबी होतंच.

बातमी घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. तिथे सासरे टीव्ही पाहत होते. म्हणजे, जेवढा दिसत होता तेवढा पाहत होते. रविवारी टीव्हीचा खालचा निम्मा पडदा काळा पडला होता. चार दिवस ते बातम्या देणाऱ्यांची नुसती डोकी बघत होते आणि सामन्यात चेंडू जमिनीला लागला की पुढचं आवाजावरून ताडत होते.

"बाबा, माझा पण गेला," ती म्हणाली.

"अर्धा की पूर्ण?"

"पूर्ण."

"मग तू पुढे आहेस माझ्या."

साडेसातला नवरा आला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायचा; दिवसभर बारीक बघून घरी आल्यावर कशाकडेच बघायची त्याची इच्छा नसे. त्याने दोन्ही मृत पडद्यांचं लांबूनच दर्शन घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "पैसे एका पडद्यापुरते आहेत. टीव्हीच असा घ्या, की कॉम्प्युटरला पण चालेल. दिवसा तुझा, चार वाजल्यानंतर बाबांचा."

गुरुवारी सकाळी दहा वाजता दुकान उघडलं तेव्हा सून आणि सासरे शटरपाशी उभेच होते. भिंतीवर तीसेक टीव्ही एकाच वेळी एकच पोपट दाखवत होते. पोपट इतका हिरवा होता, की विक्रेताही त्याच्याकडे न बघता बोलत होता.

"ताई, रंग बघा, रंग!"

"मला रंग नकोत, मला अक्षरं बघायची आहेत," सूनबाई म्हणाली आणि तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात रहस्यकथेचं एकशे तेरावं पान होतं. त्या पानात एक वर्तमानपत्री कात्रण होतं, पुस्तकातली सगळ्यात बारीक अक्षरं त्यातच होती. ती ज्या पडद्यावर स्वच्छ दिसतील तो घ्यायचा, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

बत्तीस इंची स्वस्त टीव्हीवर कात्रणाला मिश्या फुटल्या. पुढच्यावर काना आणि वेलांटी एकमेकांच्या गळ्यात पडले. त्रेचाळीस इंची फोर के टीव्हीवर कात्रण असं लखलखलं, की कागदाचा खरखरीतपणाही दिसेल असं वाटलं. पण त्याची किंमतही तेवढीच स्वच्छ दिसत होती. शेवटी कोपऱ्यात मांडणीला ठेवलेला एक चाळीस इंची फुल एचडी सापडला. खोकं हरवलेलं, रिमोटवरची निम्मी अक्षरं पुसलेली, म्हणून सवलतीत. कात्रण सुरेख दिसलं.

इतक्यात सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादी टेप काढला. ते वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी सुटून आठ वर्षं झाली, टेप सुटला नव्हता. त्यांनी पडदा डावीकडून उजवीकडे मोजला, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे मोजला.

"पस्तीस," ते म्हणाले. "चाळीस लिहिलंय. पाच इंच कुठे गेले?"

"आजोबा, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"पडद्याचं कापड घ्यायला आलो तर तिरकं मोजून देशील का?"

"कंपनीच तसं मोजते हो!"

"माझ्यासमोर छत्तीस वर्षं प्रत्येक जण हेच म्हणायचा. वरूनच तसं येतं."

हा वाद रंगात असताना आणखी एक गोष्ट घडली. पडद्यावरचं पान तसंच होतं, आणि दुसरा विक्रेता, दुकानाचा मालक आणि धुण्याचं यंत्र बघायला आलेलं एक जोडपं ते वाचत उभे होते.

"ताई, पुढचं पान आहे का?" मालकाने विचारलं. "त्याने वजन खिशात घातलं, मग?"

"ते सांगता येणार नाही. पुस्तक अजून छापायचंय."

मालकाने उसासा सोडला आणि वायर फुकट दिली. सासरे मात्र पानाच्या मधोमध बोट ठेवून उभे होते.

"पाच किलोचं बिडाचं वजन. कोटाच्या खिशात. आणि हा माणूस बागेतून फेरफटका मारतोय?"

"बाबा, चला."

"एका अंगाला झुकेल तो! लोक उचलून दवाखान्यात नेतील!"

"बाबा!"

बारा वाजता टीव्ही बाहेरच्या खोलीत लागला. सासऱ्यांना सोफ्यावरून नीट दिसावं म्हणून सूनबाईने पान पडदाभर मोठं केलं. अक्षर टपोरं, काळंभोर. पण तेवढ्यात तिची नजर पानाच्या तळाशी गेली. पानाखालचा आकडा दिसत नव्हता. वर पुस्तकाचं नाव असायचं, तेही नव्हतं. पुढचं पान काढलं, त्याचीही तीच गत. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा नाहीसं झालं होतं, पण घड्याळाची काळजी करायला तिला वेळ नव्हता. भिंतीवर दुसरं होतं.

"काल प्लग ओढला ना मी. फाइलच सरकलीय सगळी," ती म्हणाली. "आकडे पानाच्या बाहेर गेलेत."

"बाहेर गेलेत तर आत घ्यायचे. थांब." सासऱ्यांनी टेप पडद्याला लावला. "तळापासून बरोबर एक इंच वर घे. हां. आता कायदेशीर आहे."

एका जागी बदललं, की दोनशे आठ पानांवर आपोआप बदलायचं. पुस्तकाचं नाव खाली आलं, आकडे वर आले आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीच्या डोक्यावर बसले. म्हणून तिने प्रत्येक पानातली एक ओळ कमी केली. ती ओळ पुढच्या पानावर, तिथली तिच्या पुढच्या पानावर असं ढकलत ढकलत पुस्तक दोनशे सोळा पानांचं झालं. छपाई सोळा-सोळा पानांनी होते. आठ पानं जास्त म्हणजे प्रकाशकाच्या कपाळावर आठ आठ्या.

"त्या बागेचं वर्णन काढून टाक," सासऱ्यांनी सुचवलं. "तसाही त्या वजनासकट तिथे कोणी फिरत नाही."

"बाबा, मी पानं लावते. लिहिणारे दुसरे आहेत."

मग तिने अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक केलं. पुस्तक पुन्हा दोनशे आठवर आलं. चाळीस इंची पडद्यावर ते बारीक आहे हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. चार वाजता तिने पडदा सासऱ्यांना दिला. पाच दिवसांत प्रथमच खेळाडूंना पाय आलेले पाहायला मिळणार होते. पण सासऱ्यांनी रिमोट घेतला नाही.

"त्या वजनवाल्या माणसाचं पुढे काय झालं?"

"उद्या बघू."

"आजचा पडदा माझा आहे ना? मग पान उलट."

शुक्रवारी सकाळपासून सासरे सोफ्यावर ठाण मांडून होते. सून ओळी बघत होती, सासरे गोष्ट बघत होते. "पुढे घे की." "बाबा, मी वाचत नाहीये." "मग मला तरी वाचू दे." अडीच वाजता ती चहा टाकायला आत गेली. परत आली तेव्हा एकशे तेराव्या पानावर एक चौकट उगवली होती. सासऱ्यांनी दोन बोटांनी ती टाइप केली होती, जसे ते ऑफिसात अहवाल टाइप करायचे.

हरकत क्र. १. सदर वजन पाच किलोचे दाखविले आहे. ते कोटाच्या खिशात ठेवून इसम चालू शकत नाही. जास्तीत जास्त एक किलो. खुलासा करावा.

"बाबा, काढा ते! आधी काढा! माझी बारा पुस्तकं जातील!"

सासऱ्यांनी माऊसने चौकट धरली आणि खाली ओढली. खाली, आणखी खाली, ती पडद्याच्या काठावरून नाहीशी होईपर्यंत.

"गेली?"

"गेली," सासरे म्हणाले. चेहऱ्यावर हरकत फेटाळल्याचं दुःख होतं.

चार वाजून बावन्न मिनिटांनी फाइल प्रकाशकाकडे गेली. पाच वाजता त्यांचं उत्तर आलं: मिळाली, लगेच छापून लेखकांच्या घरी देतो. सूनबाईने दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

सहा वाजून दहा मिनिटांनी नवरा आला. चपला काढता काढता त्याने टीव्हीकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. धंद्याची सवय.

"चित्र कडेला कापलं जातंय," तो म्हणाला.

"कुठे?"

"अगं, कॉम्प्युटरवरचं घड्याळ कुठाय तुझं?" त्याने रिमोट उचलला. अक्षरं पुसलेली असल्यामुळे अंदाजाने चार बटणं दाबली, पाचव्याला पडद्याने एक आचका दिला आणि चित्र चहूबाजूंनी आत आलं. कोपऱ्यात घड्याळ उगवलं. मधोमध एकशे तेरावं पान उभं राहिलं, अख्खं. वर दोन बोटं कोरी जागा, खाली दोन बोटं कोरी जागा, आकडा लिफ्ट अडकल्यासारखा मध्येच लटकलेला. आणि त्याच्याखाली, कोऱ्या जागेत, ऐसपैस: हरकत क्र. १.

"टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातो," नवरा हळूच म्हणाला. "सेटिंग असतं ते."

"म्हणजे फाइल ठीक होती?" सूनबाईने विचारलं.

"फाइल ठीक होती."

"मी म्हणालो होतो," सासरे म्हणाले. "पाच इंच कुठे गेले, विचारत होतो. कोणी ऐकलं नाही."

प्रकाशकांचा फोन बंद होता. ते लेखकाकडे गेले, की फोन बंद ठेवतात, हे ऑफिसातल्या बाईंनी कौतुकाने सांगितलं. शनिवारी सकाळी नऊपर्यंत सूनबाईने सगळं पुस्तक पूर्ववत केलं आणि माफीचं पत्र जोडून पाठवलं. साडेदहाला फोन आला.

"बाई, पत्र वाचलं. पण लेखकांनी काल संध्याकाळीच वाचून काढलं."

"रागावलेत?"

"अक्षर बारीक आहे म्हणून रागावलेत. पण ती खालची कोरी जागा आहे ना, तिच्यावर खूश आहेत. म्हणाले, एका हातात पुस्तक, एका हातात चहा, आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठा शेवटच्या ओळीवर आला नाही. तुम्ही मुद्दाम ठेवलीत का ती?"

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. ते टेपची पट्टी बाहेर काढत होते आणि परत आत सोडत होते.

"नाही," ती म्हणाली. "चुकून राहिली. पत्रात लिहिलंय ते खरंय."

"हं," प्रकाशक म्हणाले. "आणि ती हरकत?"

"त्याबद्दल लेखक काय म्हणाले?"

"काहीच नाही. मला त्याचीच धास्ती वाटते."

रविवार शांततेत गेला. सासऱ्यांनी सामना पाहिला, खेळाडूंच्या पायांसकट, पण त्यात जीव नव्हता. "माझ्यामुळे तुझं काम जायला नको होतं गं," ते दोनदा म्हणाले. "मोजायला गेलं की मला राहवत नाही." सूनबाईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "आकडे मी हलवले, बाबा. टेप तुमचा होता, हात माझा होता."

सोमवारी दुपारी पुन्हा फोन. या वेळी प्रकाशकांचा आवाज चढलेला होता. रागाने की हसू दाबल्याने, ते कळायला मार्ग नव्हता.

"बाई, लेखकांनी वाण्याकडून पाच किलोचं वजन मागवलं. कोटाच्या खिशात घालून बागेत गेले. दहा पावलांवर खिसा उसवला. पायावर पडता पडता वाचलं. आता शेवटची तीन प्रकरणं पुन्हा लिहायला घेतलीयत."

"आणि... बारा पुस्तकांचं?"

"तेच विचारलं मी. ते म्हणतात, हरकत क्रमांक एक आहे, म्हणजे दोन पण असणार. ज्यांनी घेतली त्यांना घेऊन या उद्या अकराला. मग ठरवू."

सूनबाईने फोनवर हात ठेवला. "बाबा, अजून हरकती आहेत का?"

"सात आहेत," सासरे म्हणाले. "तू टाइप करू दिल्या नाहीस."

मंगळवारी ते साडेदहालाच निघाले. सुनेच्या पिशवीत नवीन नमुना होता: आकडा जागच्या जागी, अक्षर मूळचं, खाली अंगठ्यापुरती जागा, पानं मात्र दोनशे चोवीस, म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोबर चौदा फर्मे. सासऱ्यांच्या पिशवीत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते एका अंगाला झुकून चालत होते.

बाराला पाच मिनिटं कमी असताना चष्म्याच्या दुकानात नवऱ्याच्या फोनवर निरोप आला: "बारा पुस्तकांचं अजून काही बोलले नाहीत. नमुना टेबलावर आहे, लेखकांचा अंगठा त्याच्यावर आहे. बाबा आणि ते हरकत क्रमांक चारवर आलेत. दुसरा चहा सांगितलाय."