काळ्या कोंबडीची अब्रू

"माझ्या खुराड्यात उजेड गेला तरी काळा होऊन बाहेर येतो!"

आश्रुबानं सोसायटीच्या भर सभेत ठोकून दिलं आणि स्वतःच टाळी वाजवली.

दुष्काळाचं तिसरं वर्ष. रानात कुसळ उरलं नव्हतं. टँकर आधी चेअरमनच्या हौदात रिकामा व्हायचा आणि मग गावाला नुसती ओली नळी दाखवायला यायचा! लोकांच्या हाती कोंबड्या तेवढ्या राहिल्या. अशात कुक्कुटपालन सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांनी ठराव केला: ज्याची पिल्लं एकजात काळी निघतील, त्याचाच माल सोसायटी वर्षभर उचलणार. शहरात काळ्या कोंबडीला लई मागणी! आश्रुबाचा कोंबडा तव्याच्या बुडासारखा आणि कोंबडी म्हणजे अवसेची थोरली बहीण. सौदा खिशातच!

कोंबडी अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली, पिसं फुटली. आणि त्या घोळक्यात तीन पिल्लं पांढरीफेक! कोळशाच्या पोत्यात साबणाच्या वड्या पडाव्यात तशी!

"चेअरमनचा कोंबडा!" आश्रुबा किंचाळला. अर्जुनरावांचा पांढरा कोंबडा गावभर मोकाट हिंडायचा. मालकासारखाच, न विचारता कुणाच्याही अंगणात चरायचा.

आश्रुबानं कोंबडी बगलेत मारली आणि थेट सोसायटीचा ओटा गाठला. मागून सगळा गाव.

"अर्जुनराव, तुमच्या कोंबड्यानं माझी कोंबडी बाटवली!"

"माझा कोंबडा कशाला यील बे तुझ्या दारात? पुरावा काय?"

"पुरावा? काळा बाप, काळी आई, आन लेकरू पांढरं! हे बाहेरचंच! कोंबडीच बदचाल हाय. शेंबडं पोरगंबी सांगंल!"

लोक खो खो हसले. मग हसू एकेक करून विझलं. सगळे आश्रुबाच्या मागं बघायला लागले.

मागं त्याची बायको केसरबाई उभी होती. रंगानं नवऱ्याला तोडीस तोड. कडेवर धाकटी लेक, दुधासारखी गोरी आणि मांजरासारखी घारी!

"पुन्यांदा म्हना की," केसरबाई थंडपणे म्हणाली. "काळा बाप, काळी आई. फुडं काय म्हनलात?"

आश्रुबाच्या तोंडचं पाणी पळालं. कोंबडीला वाचवावं तर सौदा जातो, बदनाम करावं तर घर जातं!

"आवं, आमची कोंबडी सतीसावित्री हाय!" तो एकदम गरजला. "रंग रगतात दडून बसतो! आज्याचा, पणज्याचा, कुणाचाबी! आईबाप दोघांत दडलेला आसला की लेकरात वर येतो!"

"म्हणजे तुझ्या जोडीतच पांढरं दडलंय म्हण की," अर्जुनराव हळूच म्हणाले.

"दोघांतबी! शप्पत घेतो!"

"मंग एकजात काळी कशी निघत्याल बे? तुझा सौदा रद्द."

सौदा चेअरमनच्या मेव्हण्याला गेला. त्याच्याकडं एकही कोंबडी नव्हती!

पुढच्या खेपेला त्याच कोंबडीखालून एक पिल्लू निघालं, त्याच्या मानेवर लव म्हणून नाही! तसल्या उघड्या मानेचा कोंबडा गावात एकच, शेजारच्या बंकटचा. आणि तो रोज कुडावरून उडी मारून येताना आश्रुबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

बंकट कुडावरून डोकावला. "हे कुणाचं बे, आश्रुबा?"

आश्रुबानं दाराकडं पाहिलं. केसरबाई लेकीचे केस विंचरत बसली होती. फणी मधेच थांबली.

"आमच्या काळ्याचंच!" आश्रुबा छाती काढून म्हणाला. "आज्यावर गेलंय!"