गिरजाबाई मरायला नाही म्हणते

आमच्या शेजारची गिरजाबाई टीव्हीसमोर बसते ती हातात चप्पल घेऊन. पिक्चरमध्ये हिरोची आई एकदा खोकली की चप्पल वर जाते. दुसऱ्यांदा खोकली की आता म्हातारी जाणार हे ओळखून ही ओरडते, "मारलन बुडीले!" टीव्ही अजून फुटला नाही, कारण तिचा नेम वाईट आहे.

तिच्या रागाला कारण आहे. आमच्या मुर्री गावात धान निघालं की मंडईची जत्रा भरते आणि मंडईला नाटक होतं. तरुणपणी गिरजा त्यात हिरोईन असायची. मग बाहेरून नवी पोरगी आणली आणि गिरजाला हिरोची आई केलं. तेव्हा ती तिशीचीही नव्हती. हिरो तिच्याहून मोठा. त्याचे पिकलेले केस काळे केले, हिच्या काळ्या केसांना पावडर फासली. तेव्हापासून ती दरसाल मरते. क्षयानं मेली, सापानं मेली, एकदा तर नुसती बातमी ऐकून मेली. दुसऱ्या अंकात मरायचं आणि पडद्यामागे बसून दुसऱ्यांच्या शिट्ट्या ऐकायच्या. घरीही कोणी नाही. मूलबाळ झालं नाही, नवरा कधीच गेला.

हल्ली मोबाइलवर वेगळे पिक्चर येतात. त्यात पांढऱ्या केसांची बाई कोर्टात भांडते, स्कूटर चालवते, साठीत लग्नही करते. लग्नाचं मला पटत नाही, एकदा केलं तेवढं पुरे. पण गिरजा भिंतीवरून हाक मारते, "ये वो बाई, पाह्य! हे जित्ती राहिली!"

यंदा प्रवीण तिच्याकडे आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नाटक तोच लिहितो, हिरोही तोच. मी तिथंच डाळ निवडत बसले होते.

"मावशी, रोल जबरदस्त आहे. पहिल्या अंकात रडाचं, दुसऱ्यात मराचं."

"कायले मरू?"

"तुमी मेल्याशिवाय हिरोले गुस्सा कसा येईन?"

"त्याले मिरची चार! त्याच्या गुश्श्यासाठी मी काऊन मरू?"

"मंग शेवटपर्यंत बुडी करन काय?"

"बुडी जगन! तू काय करून राहिला रे?"

प्रवीण चिडला. दुसरी म्हातारी पाहतो म्हणून गेला. तो दारोदार फिरायच्या आधी मी फिरून आले होते. गावातली एकही म्हातारी मरायला तयार होईना. तिसऱ्या दिवशी तो परत आला. हिरोला राग यावा म्हणून त्यानं नाटकात आता बैल मारला होता. बुडी शेवटपर्यंत जिवंत.

"अजून एक," गिरजा म्हणाली. "शेवटी पोरगा घरी येते न? त्यानं मले इचाराचं, माय, जेवली का."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

मंडईच्या दिवशी मी पुढेच जागा धरली. बैल मेला तेव्हा लोक रडले. शेवटच्या प्रवेशात गिरजा सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. प्रवीण आत आला. "माय, जेवली का?"

गिरजा कधी वाक्य विसरत नाही. पण ती तांदूळच निवडत राहिली. पडद्यामागून एकजण कुजबुजला, "हो बाबा, जेवली." मलाही ऐकू आलं. तिनं सूप खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही रे बाबा. तुहीच वाट पाहून राहिली होती."

असं लिहिलेलं नव्हतं. प्रवीण गडबडला, मग तिच्याजवळ मांडी घालून बसला. "चाल मंग, संगच जेवू." पडदा पडला. शिट्ट्या काही थांबेनात.

सकाळपासून तिच्या घरातून फोडणीचा वास आला नव्हता, म्हणून मी डबा घेऊन आले होते. पडद्यामागे जाऊन तिला दिला. "भात थंडा आहे," ती कुरकुरली. तेवढ्यात प्रवीण तोंडाचा रंग न पुसताच आला, तिच्याजवळ बसला आणि सरळ डब्यात हात घातला.

"अरे, दोघींपुरताच आनला," मी म्हटलं.

"चूप बस वो," गिरजा म्हणाली आणि डबा त्याच्याकडे सरकवला. "पोरगा जेवून राहिला."