मिलिंदभाऊंचा दुसरा भाग

भर दुपारी भद्रावतीच्या बसस्टँडसमोर वाघाची डरकाळी ऐकली की बाहेरगावचा माणूस दचकतो. आम्ही नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून मिलिंदभाऊंचा कॉम्प्युटर क्लास, आणि तो वाघ म्हणजे तेच. पातेल्यात तोंड घालून ते माइकवर डरकाळ्या रेकॉर्ड करत. "खरा वाघ भाड्यानं भेटत नाई ना भाऊ!"

ते व्हिडिओ गेम बनवत होते. पहिला भाग त्यांनी आणि थोरल्या भावानं, राजूदादानं, मिळून फ्लॉपीवर बसवला होता. क्लासची पोरं टायपिंग सोडून तोच खेळत. मग राजूदादा नोकरीसाठी हैदराबादेत गेला आणि मिलिंदभाऊंनी एकट्यानं दुसरा भाग काढायला घेतला. 'बिग बजेट' हा त्यांचा लाडका शब्द. स्कूटर विकून रंगीत मॉनिटर आणला, बिग बजेट. आईचं वरणाचं पातेलं पळवून शिव्या खाल्ल्या, तेही बिग बजेट. "हिट आहे, लिहून घे," असं ते रोज बजावत.

गेममध्ये मोहफुलं वेचायची. आमच्याकडे जंगलात मोहाला जोडीनं जातात. एक वाकून वेचतो, दुसरा उभा राहून वाघावर नजर ठेवतो. म्हणून कीबोर्डही दोघांनी वाटून घ्यायचा. एकट्यानं खेळलं की वाघ हमखास खातो.

चंद्रपूरहून सीडीचा एक व्यापारी आला. एकटाच खेळला, पुन्हा पुन्हा वाघाच्या पोटात गेला, तरी खूश. म्हणाला, "एकट्याले खेळता येईल असा करून द्या. सीड्या मी काढतो, गावोगाव विकतो."

इतकी वर्षं ज्यासाठी झिजले, ते दारात उभं होतं. मिलिंदभाऊ म्हणाले, "नाई जमत."

"काऊन नाई जमत?" मीच तापलो.

"मोहाले एकटा कोनी जाते का?"

व्यापारी गेला. मला मिलिंदभाऊंचा भयंकर राग आला.

संध्याकाळी राग गिळून चहा घेऊन गेलो. ते दोन्ही हातांनी एकटेच खेळत होते. पडद्यावरचा राखणारा उंच, जरासा पोक काढलेला. थेट राजूदादाच. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"लहानपनी मी वेचत होतो न दादा उभा राहत होता," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "वरतं पाहाची गरजच नाई पडली मले."

तेवढ्यात वाघानं वेचणाऱ्याला खाल्लं. चहा बाजूला ठेवून मी खुर्ची ओढली आणि राखणाऱ्याची बटणं धरली.

"बिनधास्त वेचा भाऊ. मी आहो उभा."