चंद्राक्कांची अपशकुनी मंडळी

‘पायगुण’ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला, की चंद्राक्का तुमच्या हातातला चहाचा कप काढून घेतात. अर्धा प्यायलेला असला तरी. माझा दोनदा गेलाय.

जुईनगरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्या एकट्या राहतात. मूळच्या साताऱ्याकडच्या, उभा जन्म धान्य बाजारात डाळी निवडण्यात गेला. आता लोकांना नकोशी झालेली जनावरं सांभाळतात आणि त्यांना नवी घरं शोधून देतात. त्यातही अपशकुनी ठरलेल्यांचा नंबर पहिला. लोक नशीब उघडावं म्हणून मासे आणतात, कासवं आणतात. नशीब ढिम्म हललं नाही, की तीच जनावरं आक्कांच्या दारात. एका सशावर आरोप होता, की तो आल्यापासून घरात पाहुणे फार वाढले. आक्का म्हणाल्या, “मंग पाव्हन्यांना सोडून यायचं हुतं की.”

जनावर न्यायला आलेल्या माणसाला त्या एकच प्रश्न विचारतात, “कशाला पायजे?” उत्तरात बरकत आली की मुलाखत संपली. त्यापायी जेवणाच्या ताटाएवढं झालेलं एक कासव दोन वर्षं टबातच पडून होतं. आक्कांची सत्तरी उलटलेली, कासवाचं आयुष्य अजून बरंच शिल्लक. “माझ्यामागं ह्याला नाल्यात टाकतील,” या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. मी नेलं असतं, पण माझ्याकडे आधीच एक बोका आहे, तोही त्यांनीच गळ्यात मारलेला. “लोक पायगुण बघणारच, आक्का. जरा डोळेझाक करा,” असं मी सुचवून पाहिलं. दुसरा कप गेला तो तेव्हा.

गेल्या महिन्यात सानपाड्याहून एक बाई नव्या सुनेला घेऊन आल्या. मी तिथेच बसलो होतो.

“कशाला पायजे?”

“ही घरात आली आणि चार महिन्यांत मुलाची नोकरी गेली,” बाई म्हणाल्या. “म्हटलं, कासव तरी ठेवून बघू.”

सून स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

आता दोघी बाहेर, असं मी धरूनच चाललो. पण आक्का सुनेशेजारी जाऊन बसल्या. “तुला आवडतं का गं?”

“माहेरी मासे होते आमच्याकडे,” ती हळूच म्हणाली. “टाकी मीच धुवायचे.”

आक्कांनी टब तिच्यापुढे सरकवला आणि त्या सासूकडे वळल्या. “ह्ये हिचं म्हनून देते, घरासाठी न्हवं. नोकरी लागली तर कासवाचं नाव घ्यायचं न्हाई. न्हाई लागली तर हिचं घ्यायचं न्हाई. कबूल आसंल तर न्या.”

सासूबाईंनी टबात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, “याला खायला काय घालायचं?”

रिक्षा गेल्यावर आक्का टबाच्या जागेवर फडकं फिरवू लागल्या. खुशीत होत्या.

“दोन महिन्यांत मला सासरनं माघारी धाडलं,” फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या. “ही आली आन् बैल मेला, म्हनले.”

एवढ्या वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फार वाईट वाटलं.

“म्हातारा हुता ओ बैल,” आक्का म्हणाल्या. “मी नांदाया जायच्या आधीपासनंच खात न्हवता.”