डाव्या दारातली खरखर

रस्त्याच्या पलीकडून गाडी गेली, की तिचा कुठला स्क्रू ढिला आहे हे कानसेन हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा! निदान त्याचं म्हणणं तरी तसं होतं. तो बोलेपर्यंत गाडी सिग्नल ओलांडून गेलेली असायची, त्यामुळे त्याला खोटं पाडणार कोण?

कानसेन हे नाव मित्रांनी चेष्टेत पाडलं होतं. त्याला ती पदवी वाटली. त्याने ती थेट दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली! दुकान गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवायचं. लोक यायचे, दारात दोन स्पीकर बसवून घ्यायचे आणि धडधडत निघून जायचे. पण कानसेनचा जीव असल्या किरकोळ कामात रमत नव्हता. दरवर्षी गाड्यांच्या आवाजाची एक स्पर्धा व्हायची. पंच गाडीत बसायचे, दारं लावून घ्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. यंदा तिथली ढाल आपणच आणायची, असा त्याने पणच केला होता.

"अशी सिस्टिम बनवतो," तो बायकोला म्हणाला, "की गाणारी बाई समोरच्या काचेपाशी उभी आहे असं वाटेल!"

"मग रस्ता कसा दिसणार?" बायकोने विचारलं.

अशा माणसांशी कानसेन वाद घालत नसे.

सिस्टिम म्हणजे नुसते स्पीकर नव्हेत. मोठ्या वूफरला डिकीत बसणारी लाकडी पेटी लागते, आणि ती पेटी गाडीच्या अंगावर शिवल्यासारखी बसावी लागते. कारखान्यातली तयार पेटी कानसेनला चालेना. तेव्हा त्याला आठवण झाली, की आपल्या घरात एक सुतार आहे.

हा सुतार म्हणजे त्याचे वडील, अप्पा. जन्मभर रंधा मारला; मग लोक खोक्यातून येणारं तयार फर्निचर घेऊ लागले आणि अप्पा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. बसले ते बसलेच! जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही. पेटीचं काम आलं आणि म्हातारा खुर्चीवरून असा उठला, की सूनबाई बघतच राहिली. कानावर पेन्सिल आली, शर्टाला खिसा आहे का हे बघून शर्ट निवडणं आलं. 'पेटीवाला' म्हणून स्पर्धेच्या अर्जावर आपलं नाव लागणार हे कळल्यावर तर त्यांनी दाढीही रोज करायला सुरुवात केली.

घरामागच्या गॅरेजात काम सुरू झालं. अप्पा फळ्या कापायचे, घासायचे, पुन्हा घासायचे. एमडीएफच्या दाबीव फळ्यांचा भुसा पिठासारखा बारीक. तो उडून गाडीच्या नव्या रंगावर बसू नये म्हणून पंखा बंद. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून शटर खाली. दोन्ही हुकूम कानसेनचे!

"अप्पा, तोंडाला मास्क तरी लावा," सून म्हणायची.

"चष्म्यावर वाफ येते गं. मग माप चुकतं," अप्पा म्हणायचे आणि खोकायचे.

"अहो, एकदा यांना डॉक्टरकडे नेऊन आणा ना."

"स्पर्धा होऊ दे," कानसेन म्हणायचा. त्या दिवसांत त्याच्याकडे सगळ्याला हे एकच उत्तर होतं. नळ गळतोय? स्पर्धा होऊ दे. शाळेत पालकांना बोलावलंय? स्पर्धा होऊ दे!

पेटी झाली आणि काय झाली म्हणता! डिकीत अशी बसली, की कडेने पोस्टकार्ड जाईना. कानसेनने दारांत, छतात, पायाखाली आवाज मारणारे काळे जाड पत्रे चिकटवले. दार लावलं की जग बंद! बाहेर मदतीला आलेला मेहुणा तोंड हलवताना दिसायचा आणि ऐकू काही यायचं नाही, हा फायदा तर कानसेनने आधी धरलाच नव्हता.

मग सगळे गाडीत बसले. कानसेन पुढे, शेजारी बायको, मागे मेहुणा आणि अप्पा. अप्पा पेटीला पाठ लावून बसले होते, कारण पेटी त्यांची होती. कानसेनने गाणं लावलं. गाणारी बाई खरोखरच काचेपाशी येऊन उभी राहिली! मेहुण्याच्या अंगावर काटा आला. बायको रस्त्याबद्दल काही बोलली नाही. मग गाणं हळू झालं, बाई एका सुरावर थांबली, आणि...

खर्र... खर्र...

कानसेनने गाणं बंद केलं. त्याचा चेहरा पंगतीत मीठ वाढायचं राहिल्यासारखा झाला.

"डावं दार!" तो म्हणाला.

झालं! डावं दार उघडलं, आतलं पॅनेल काढलं, वायरी बांधल्या, क्लिपा बदलल्या. पुन्हा सगळे बसले. खर्र... खर्र... मग उजवं दार! मग छताचा दिवा! मग नंबरप्लेट! जॅक आणि पाना बाहेर गेले, आरसा बाहेर गेला. बायकोच्या कानातले डूल काढायला लावले. मेहुण्याच्या पट्ट्याचं बक्कल संशयित ठरलं, आणि तो बिचारा पँट मुठीत धरून बसला.

"भावजी, माझ्या पोटावरही एक पत्रा चिकटवा! भुकेने तेच वाजत असेल!"

"गप्प! माईक चालू आहे!"

कानसेनने आता मोजमापाचा माईक आणि लॅपटॉप आणला होता. पडद्यावर रेघ थरथरायची. गंमत म्हणजे गाणं जोरात असलं की खरखर नसायची, हळू झालं की हजर! घरात म्हणाल तर ती रोजच होती. पण घरात टीव्ही, मिक्सर, कुकर आणि स्वतः कानसेन. एवढ्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार?

"अप्पा, खोकू नका हो! सगळी रेघ बिघडली!"

"नाही खोकत," अप्पा म्हणाले आणि त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

शेवटी कानसेनला नामी युक्ती सुचली. "सगळ्यांनी श्वास रोखून धरा!"

सगळ्यांनी धरला. गाडीत स्मशानशांतता. रेघ सरळ! खरखर गायब!

"गेली!" कानसेन ओरडला. "म्हणजे श्वास घेताना कोणाच्या तरी वजनाने सीटची स्प्रिंग हलते! सापडलं! अप्पा, सोडा आता श्वास. अप्पा! अहो, सोडा!"

अप्पांनी सोडला. त्यांचा चेहरा जांभळा झाला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बायको दार उघडून खाली उतरली आणि तिने त्यांना पाणी पाजलं. कानसेन तोवर स्प्रिंगा मोजत होता. त्या आठवड्यात त्याने मागची सीट अख्खी उसवून पुन्हा शिवली. साप म्हणून भुई धोपटणारे असतात. या गृहस्थाने भुईला गाद्याही घातल्या!

"अहो, ऐका माझं. अप्पांना रात्री उशीवर टेकवत नाही. बसून असतात."

"रविवार. फक्त रविवार होऊ दे."

तिला त्या क्षणी त्याचा पाना उचलून त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. घातला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

रविवार आला. मैदानात चकचकीत गाड्या रांगेने उभ्या होत्या. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर बसले होते. संघातल्या माणसांना मागे बसायची मुभा होती आणि पेटीवाला संघातलाच. तपासायला आल्या त्या एक पंचबाई. कोरड्या, सडपातळ, हातात पेन. शिष्टाचाराचं एक हसूसुद्धा नाही. कानसेन त्यांच्या शेजारी बसला, घामाने डबडबलेला.

बाईंनी डोळे मिटून गाणं ऐकलं. दोनदा मान हलवली. कानसेनचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी गाणं बंद केलं.

खर्र... खर्र...

"एक जास्तीचा आवाज आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, ते डावं दार... मी एका मिनिटात..."

बाईंनी बोट वर केलं. गाणं बंद, इंजिन बंद, आणि आवाज मात्र चालूच. त्या सावकाश मागे वळल्या.

"काका, तुम्ही जरा खाली उतरता?"

अप्पा उतरले. दार लागलं.

गाडीत इतकी शांतता झाली, की बाईंच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

"सापडली!" कानसेन आनंदाने ओरडला. "खरखर सापडली! म्हणजे दारात नाहीच! गाडीत नाहीच! मी म्हणत होतो ना..."

आणि त्याचं लक्ष काचेकडे गेलं. काचेपलीकडे अप्पा टपाला हात टेकून उभे होते. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते, आणि चेहरा काच फोडलेल्या पोरासारखा. ते काहीतरी बोलत होते. गाडी इतकी उत्तम बनली होती, की आत काही ऐकू येत नव्हतं.

"गाडी निर्दोष आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण आवाज गाडीत होता, म्हणून गुण कापावे लागतील. नियम आहे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना दवाखान्यात न्या. आत्ता. निकालासाठी थांबू नका."

दवाखान्यापर्यंतचा रस्ता कानसेनने त्याच गाडीतून काटला. बाहेरचा एक हॉर्न आत येत नव्हता. आत फक्त तो एक आवाज होता, स्वच्छ, स्पष्ट, कानाकोपऱ्यांत भरलेला. त्याने गाणं लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"जन्मभराचा भुसा साठलाय," डॉक्टर म्हणाले. "तरी अजून काही वर्षं निघाली असती. गेल्या काही महिन्यांत काय करत होते हे?"

दवाखान्यात धावत आलेल्या बायकोने कानसेनकडे बघितलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

अप्पांच्या नाकाला नळी होती. कानसेन पलंगाशेजारी बसला.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," अप्पा दम खात म्हणाले. "तू डावं दार उघडलंस ना, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पुन्हा खिडकीपाशी बसवलं असतंस." त्यांनी नळी नाकावर नीट बसवली. "आणि म्हटलं, तुझा कान एवढा तयार. आज ना उद्या ओळखशीलच."

कानसेनने उशी उचलून त्यांच्या पाठीमागे नीट लावली.

अप्पा त्यानंतर थोडेच महिने राहिले. घरी, खिडकीपाशीच, पण नळीसकट. कुठला पाहुणा आला की त्याला गॅरेजात नेऊन पेटी दाखवायला लावायचे, आणि कडेने पोस्टकार्ड घालून बघायला सांगायचे.

पुढच्या वर्षी मेहुण्याने ढकलून ढकलून कानसेनला स्पर्धेला पाठवला. गाडी तीच, पेटी तीच, पंचबाईही त्याच. अर्जावर 'पेटीवाला' या रकान्यात अप्पांचंच नाव होतं आणि मागची सीट रिकामी होती. बाईंनी गाणं ऐकलं, बंद केलं, डोळे मिटून पुष्कळ वेळ बसल्या. मग पहिल्यांदाच किंचित हसल्या.

"पूर्ण गुण," त्या म्हणाल्या. "या वेळी जास्तीचा आवाज एकही नाही. अभिनंदन!"

कानसेनने मान हलवली. मग चालत्या गाडीचा ढिला स्क्रू रस्त्यापलीकडून ओळखणारा तो माणूस ओशाळून म्हणाला, "मॅडम, परत एकदा ऐकता का? मागच्या बाजूला. माझ्या कानांचा काही भरवसा नाही."